किती जवळून बघायचं?

दुर्बीण घ्यायला निघालेला माणूस दुकानात पहिला प्रश्न हमखास हाच विचारतो, "यातून किती लांबचं दिसतं?" लांबचं तर नुसत्या डोळ्यांनीही दिसतं. चंद्र सरासरी पावणेचार लाख किलोमीटरपेक्षा लांब आहे आणि तो बघायला कुणाला दुर्बीण लागत नाही. विचारायला हवं ते वेगळंच. लांबची वस्तू किती मोठी दिसते, ती दिसताना उजेड किती उरतो, आणि तिच्याकडे बघण्याच्या नादात भोवतालचं किती हातचं जातं? ही तिन्ही सुखं एकदम मिळत नाहीत. मोठेपणा वाढवला की उरलेल्या दोन्हींना कात्री लागते. नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्याच्या काठावर हिवाळ्यामागून हिवाळे घालवल्यावर एवढं मला पक्कं कळलंय. म्हणूनच माझ्या भाच्याने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणं मला भाग होतं, प्रश्न मला न आवडणाऱ्या गोष्टीचा असला तरी.

भाचा पेनसिल्व्हेनियात असतो. ग्रीन कार्ड झालंय, घर झालंय, आणि यंदा ऑफिसातले मित्र त्याला हरणांच्या सीझनला जंगलात नेणार आहेत. पहिल्यांदा शिकारीला जाणाऱ्याला तिथे सुरक्षिततेचा कोर्स करावाच लागतो, तो त्याने केला. रायफलही ठरली. राहिला तिच्यावर बसवायचा स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण. "मावशी, ३-९ घेऊ की ४-१६? दुकानदार म्हणतोय मोठाच घे, पुढे उपयोगी पडेल. तू सांग, तुला काचांमधलं कळतं." लहानपणी चापडगावच्या पक्षी बघायच्या मनोऱ्यावर मीच याच्या गळ्यात दुर्बीण अडकवली होती. त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडेच येणार होता.

माझं म्हणणं मी त्याला आधीच सांगून टाकलं. हरणावर गोळी झाडायची ही कल्पना मला सोसत नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा विषयच संपवला. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत, आणि त्याला मारणाऱ्याला तीन ते सात वर्षांचा तुरुंगवास आहे. तो कायदा नसता तर येवल्याच्या माळावर आज बघायला काही उरलं असतं असं मला वाटत नाही. पण पेनसिल्व्हेनियाची गोष्ट वेगळी आहे, हेही मी वाचून समजून घेतलं. तिथले लांडगे आणि प्यूमा माणसाने केव्हाच संपवले. पांढऱ्या शेपटीची हरणं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नाहीशी होत आली होती, आज ती अमेरिकेत कोटींच्या घरात आहेत. ती कोवळी रोपं खाऊन टाकतात आणि जंगलात नवी झाडं उभी राहत नाहीत. रस्त्यांवर गाड्यांखाली येतात, त्यात माणसंही मरतात. म्हणून सरकार किती मारायची हे ठरवून परवाने देतं. रायफली आणि काडतुसांवर ११ टक्के कर आहे आणि १९३७ च्या एका कायद्याने तो पैसा वन्यजीवांच्या कामाला जातो. हे सगळं मला पटतं. तरी मी स्वतः चाप ओढणार नाही. जो ओढणार आहे त्याने मात्र नीट बघून ओढावा. गोळी लागलेलं हरीण जागच्या जागी पडावं, पोटात जखम घेऊन झाडीत शिरून दिवसभर तडफडत राहू नये. या गोष्टीशी माझा संबंध आहे, असं मी मानते. म्हणून उत्तर लिहायला बसले.

आधी आकड्यांचं. स्कोपवर ३-९ बाय ४० असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा पॉवरचा. कडं फिरवून तीन पटीपासून नऊ पटीपर्यंत कुठेही ठेवता येतं. शेवटचा ४० म्हणजे पुढच्या काचेचा व्यास, मिलिमीटरमध्ये. आपल्या दुर्बिणीवरचं ८ बाय ४२ हेच सांगतं, फक्त तिथे पॉवर ठरलेली असते. पॉवरचा अर्थ लावायला सोपी युक्ती आहे, अंतराला तिने भागायचं. १०० यार्डांवरचं हरीण, म्हणजे आपले ९१ मीटर, चार पटीतून पाहिलं तर २५ यार्डांवर उभं असल्यासारखं दिसतं. नऊ पटीतून अकरा यार्डांवर. आता स्वतःलाच विचारावं, २५ यार्डांवर उभ्या असलेल्या म्हशीएवढ्या नव्हे, शेळीपेक्षा चांगल्या मोठ्या जनावराच्या खांद्यामागची जागा मला दिसणार नाही का? दिसेल. हृदय आणि फुप्फुसं मिळून नेम धरायची जागा आठ-दहा इंचांची असते, म्हणजे साधारण जेवणाच्या ताटाच्या आतल्या गोलाएवढी. पूर्वेकडच्या दाट जंगलात बहुतेक वेळा हरीण १०० यार्डांच्या आतच समोर येतं. मागच्या पिढीतले कितीतरी अमेरिकन शिकारी ठरलेल्या चार पटीच्या साध्या स्कोपवर आयुष्यभर भागवून गेले, ते उगाच नाही.

मग जास्त पॉवर असून बिघडतं काय? हे मला डिसेंबरातल्या एका सकाळी ममदापूरला फार स्पष्ट दिसलं. येवला तालुक्याच्या ईशान्येला राजापूर, ममदापूर, खरवंडी, देवदरी हा सगळा पट्टा काळविटांचा. कमी पावसाचा माळ, गुडघ्याएवढं कुसळी गवत, मधूनच बाभूळ आणि हेकळ, आणि त्याला लागूनच शेतं. वनखात्याने हा संवर्धन राखीव केलाय, पाणवठे केलेत. आमच्या गटात त्या दिवशी एक कॉलेजचा मुलगा नव्याने आला होता. त्याने हौसेने ऑनलाइन २० बाय ५० मागवली होती. रस्त्यापासून दीडशे-दोनशे मीटरवर कळप चरत होता, चौदा-पंधरा माद्या आणि काळाकुळकुळीत पाठीचा, पिळदार शिंगांचा एक नर. मुलगा दुर्बीण डोळ्याला लावून डावीकडून उजवीकडे फिरवत होता. गवत, आभाळ, पुन्हा गवत. "ताई, यात हरीणच येत नाहीये." तोवर नराने मान वर केली होती. एक मादी टुणकन उडाली, पाठोपाठ दुसरी, आणि सगळा कळप ओढ्यापलीकडे गेला. मुलाला शेवटपर्यंत फक्त गवत दिसलं.

त्याला मी जे सांगितलं तेच प्रत्येक नव्या माणसाला सांगते. आधी नुसत्या डोळ्यांनी प्राणी धर. नजर तिथून हलवू नकोस, पापणीही नको. मग दुर्बीण नजरेच्या रेषेत आण. दुर्बीण हे शोधायचं साधन नाही, सापडलेलं नीट बघायचं आहे. आणि तरीही वीस पटीत ते जमत नाही, कारण वीस पटीत जगाचा जेवढा तुकडा दिसतो तो फारच छोटा असतो. चांगल्या आठ पटीच्या दुर्बिणीतून एक किलोमीटरवर १३०-१४० मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, दहा पटीत तो ११०च्या आसपास येतो. पक्षी बघणाऱ्यांमध्ये आठ की दहा हा वाद कायम चालू असतो. माझं मत कुणी विचारलं तर मी आठच सांगते. दलदलीवर भोवत्या हा शिकारी पक्षी घिरट्या घालतोय, थापटे बदकं एकदम उठतात, त्या गडबडीत तो कुणाच्या मागे वळला हे आठ पटीत कळतं. दहा पटीत त्याच्या पंखाची कड जास्त चांगली दिसते, पण तो वळला की हातातून जातो.

रायफलच्या स्कोपला हा हिशोब आणखी कडक लागू होतो, कारण तिथे एकच डोळा काचेला असतो आणि वेळ सेकंदांत मोजायचा असतो. ३-९ च्या स्कोपमधून तीन पटीवर, १०० यार्डांवर तीस-पस्तीस फूट रुंदीचं जंगल दिसतं. नऊ पटीवर जेमतेम अकरा ते चौदा फूट. आता हेच हरीण २५ यार्डांवर येऊ दे. पायवाटेच्या वळणावर ते असं येतंच, वारा अनुकूल असला की अगदी जवळ येतं. नऊ पटीवर त्या अंतरावर तीन फुटांचा तुकडा दिसणार, आणि हरीण नाकापासून शेपटीपर्यंत पाच-सहा फुटांचं. काचेत दिसतात ते फक्त तपकिरी केस. खांदा आहे की मांडी, कळायला मार्ग नाही. म्हणून भाच्याला मी पहिली गोष्ट लिहिली ती ही की, कुठलाही स्कोप घे, पण चालताना आणि बसताना कडं सगळ्यात कमी आकड्यावर ठेव. हरीण लांब असेल तर पॉवर वाढवायला वेळ मिळतो. जवळ आलं असेल तर कमी करायला मिळत नाही.

उजेडाचा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण तो हातात दुर्बीण घेऊन कुणालाही पडताळता येतो. दुर्बीण हाताच्या अंतरावर धरायची आणि डोळा लावायच्या काचेकडे उजेडाच्या दिशेने बघायचं. काळ्या काचेच्या मधोमध एक लख्ख गोल दिसतो. सगळा प्रकाश त्या गोलातून बाहेर येतो. पुढच्या काचेच्या व्यासाला पॉवरने भागलं की त्याचा आकार मिळतो. माझ्या ८ बाय ४२ मध्ये तो सव्वापाच मिलिमीटर आहे, तुरीच्या डाळीच्या दाण्याएवढा. त्या मुलाच्या २० बाय ५० मध्ये अडीच. भर उन्हात आपली बाहुली आकसलेली असते, त्यामुळे अडीचही पुरतं. पण झुंजूमुंजू असताना, निफाडच्या थंडीत धुकं पाण्यावर टेकलेलं असतं तेव्हा, बाहुली मोठी होते आणि तिला तेवढा मोठा गोल लागतो. तरुण माणसाची बाहुली अंधारात सात मिलिमीटरपर्यंत उघडते. वय वाढलं की ती पाचाच्या पुढे जाईनाशी होते. माझ्या वयाच्या बाईने अंधारासाठी म्हणून जड ७ बाय ५० घेऊन फिरण्यात अर्थ नाही, बाहेर पडणारा जास्तीचा उजेड बुबुळावरच सांडतो. भाचा पस्तिशीच्या आतला आहे. त्याला तो उजेड मिळेल.

आणि त्याला तो लागणारच आहे. पेनसिल्व्हेनियात सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत शिकारीला परवानगी असते. हरणं हिंडतात तीही नेमकी याच दोन वेळांना. सीझन नोव्हेंबरअखेरीस, थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी सुरू होतो. २०१९ च्या आधी तो सोमवारी सुरू व्हायचा. त्या दिवसांत उत्तरेकडचा उजेड तसाही मंद. ४० मिलिमीटरचा स्कोप नऊ पटीवर ठेवला तर गोल साडेचारचाही नाही. सहावर आणला की साडेसहाच्या पुढे जातो. संध्याकाळ झाली की पॉवर खाली आण, दहा मिनिटं जास्त मिळतील, असं मी त्याला लिहिलं.

यावर जाणकार एक हरकत घेतील आणि ती बरोबर आहे. नुसता उजेड म्हणजे दिसणं नव्हे. अंधारात वस्तू मोठी दिसली तर तिचे बारकावेही जास्त कळतात. म्हणून जर्मन लोक एक वेगळा आकडा मांडतात, पॉवर आणि काचेचा व्यास यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ. तिथे रानडुकरांसाठी चांदण्यात उंच मचाणावर बसायची पद्धत आहे आणि त्यासाठी ८ बाय ५६ चा स्कोप ठरून गेलेला आहे. सात मिलिमीटरचा गोल आणि आठ पटीची पॉवर, दोन्ही एकाच नळीत. पण ते शिकारी मचाणावर स्थिर बसलेले असतात, रायफल लाकडाच्या आडव्या दांड्यावर टेकवलेली असते, आणि डुक्कर कुठल्या मोकळ्या जागेत येणार हे ठाऊक असतं. भाचा पानगळीच्या जंगलात पायी हिंडणार आहे. ५६ ची जाडजूड नळी रायफलवर उंच बसवावी लागते, मग गाल लाकडावर नीट टेकत नाही, आणि प्रत्येक वेळी मान उंचावून डोळ्याची जागा शोधावी लागते. त्यातच हरीण जातं.

काचेचं सांगायचं तर आणखी एक. काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावरून चारेक टक्के प्रकाश परत फिरतो. दहा पृष्ठभाग असतील तर एक तृतीयांश उजेड वाटेतच जातो. झाइस कंपनीतल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये काचेवर अतिशय पातळ थर चढवून हे परावर्तन कमी करायची रीत काढली, आणि आज चांगल्या काचेवर असे अनेक थर असतात. तुमच्या दुर्बिणीच्या काचेवर हिरवट-जांभळी झाक दिसते ती त्याचीच. तेवढ्याच पैशांत मोठी पॉवर आणि साधी काच मिळत असेल, किंवा छोटी पॉवर आणि चांगले थर चढवलेली काच मिळत असेल, तर दुसरी घ्यावी. डोळे मिटून घ्यावी.

ममदापूरला दुपारी गेलं की पॉवरची आणखी एक बाजू कळते. ऊन तापलं की माळ हलायला लागतो. जमिनीलगतची तापलेली हवा वर चढते आणि तिच्यातून येणारा प्रकाश वाकडातिकडा होतो. काळविटाचे पाय गुडघ्याखाली विरघळतात, नराची शिंगं नागमोडी दिसतात. आठ पटीत हे सोसवतं. मोठा स्पॉटिंग स्कोप, म्हणजे ट्रायपॉडवरची एका डोळ्याने बघायची दुर्बीण, लावून चाळीस पटीवर नेलं तर समोर नुसतं उकळतं पाणी. काच हवेतली लहरही तितकीच मोठी करून दाखवते. पेनसिल्व्हेनियाच्या थंडीत भाच्याला हा त्रास नाही. पण अमेरिकेच्या पश्चिमेला, वायोमिंगच्या उघड्या माळावर शिकार करणाऱ्यांना तो नक्की होत असेल. तिथे हरणं दोनशे-तीनशे यार्डांवर असतात, तिथे ४-१२ किंवा त्याहून मोठा स्कोप लावण्यात अर्थ आहे. दुकानदार खोटं बोलत नव्हता, तो दुसऱ्या मुलखाचा स्कोप विकत होता.

हाताच्या थरथरीबद्दल भाच्याला वेगळं लिहावं लागलं. दुर्बिणीत थरथर चित्र पुसून टाकते, म्हणून दहा पटीपुढे ट्रायपॉड लागतो. रायफलवर गंमत अशी की पॉवर वाढवल्याने नळी जास्त हलत नाही. ती हलत असते तेवढीच हलते. पण डोळ्याला ते हलणं नऊ पट दिसतं, नाडीचा ठोकाही दिसतो, आणि मन घाबरतं. मग काचेतला नेमाचा क्रॉस हरणावरून सरकत असताना बोट "आत्ता!" म्हणून चाप खेचतं. हळूच दाबायचा चाप हिसकला जातो आणि गोळी पोटात जाते. कमी पॉवरवर तीच थरथर दिसत नाही, आणि माणूस सावकाश दाबतो.

यासाठी मी त्याला स्वप्नील कुसाळेची आठवण दिली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा हा मुलगा. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनला, म्हणजे गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून नेम धरायच्या स्पर्धेत, त्याने ४५१.४ गुणांनी कांस्य जिंकलं. त्या स्पर्धेत दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं, आणि रायफलवर मोठं करून दाखवणारी काच लावायला परवानगीच नसते. डोळ्याजवळ एक बारीक भोक, नळीच्या टोकाला एक कडी, आणि पन्नास मीटरवर काळा ठिपका. शून्य पॉवरने त्याने जे केलं ते उभं राहण्यातून, श्वासातून आणि बोटातून आलं होतं. त्या पदकाच्या दिवशी आमच्या गल्लीत फटाके वाजले होते. नेम काचेत नसतो, हे सांगायला माझ्याकडे याहून मोठं उदाहरण नाही.

आमच्या कॉलनीत देवळालीहून निवृत्त झालेले तोफखान्याचे एक सुभेदार काका राहतात. त्यांना मी हा सगळा पत्रव्यवहार वाचून दाखवला. त्यांची सारी नोकरी दुर्बिणीतून गोळा कुठे पडला ते बघण्यात गेली. फौजेतल्या त्या दुर्बिणी सहा-सात पटीच्याच असायच्या, आत बारीक खुणांची पट्टी. त्या पट्टीचं माप मिल, आणि हजार मीटरवर एक मिल म्हणजे एक मीटर, एवढा हिशोब तोंडपाठ. "जास्त पॉवर देऊन काय करायचं?" ते म्हणाले. "पहिला गोळा पडेल तिथे दिसायला हवा ना. तो कुठे पडणार हे आधी कुणाला माहीत असतं?" मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "तुमच्या भाच्याला पोरांनी सांगितलं का, रायफलच्या दुर्बिणीतून इकडेतिकडे बघत बसायचं नाही म्हणून?"

हा प्रश्न मला सुचायला हवा होता तेवढा लवकर त्यांना सुचला, कारण त्यांनी शस्त्र हाताळलंय. झाडीत काहीतरी हललं, काय आहे ते बघू, म्हणून कुणी स्कोप डोळ्याला लावला तर त्याने भरलेली रायफल एका अनोळखी गोष्टीवर रोखलेली असते. ती गोष्ट दुसरा शिकारी असू शकते, कुत्रा घेऊन फिरायला आलेली बाई असू शकते. पेनसिल्व्हेनियात शिकाऱ्याने डोकं, छाती आणि पाठ मिळून किमान २५० चौरस इंच भडक नारिंगी कापड घालायचा नियम आहे तो याचसाठी. हरणाला लाल-नारिंगी आणि हिरव्यातला फरक कळत नाही, माणसाला चटकन कळतो. पण नियमावर विसंबून कुणी स्कोपने शोधाशोध करू नये. मी भाच्याला लिहिलं, तुझ्याकडे तुझी ८ बाय ४२ आहे ना, ती गळ्यात असू दे. शोधायचं, ओळखायचं, मागे काय आहे ते बघायचं, ते सगळं तिच्यातून. हरीण आहे, नर की मादी तेही कळलं, त्याच्या मागे टेकडीची माती आहे, रस्ता किंवा घर नाही, एवढं झाल्यावरच रायफल खांद्याला. हे मान्य असेल तर स्कोपला जास्त पॉवर लागतच नाही, कारण ओळख पटवायचं काम त्याच्याकडे उरत नाही.

हरणाच्या डोळ्याबद्दल मी गेल्या काही वर्षांत बरंच वाचलंय, आणि काळविटाकडे बघताना ते सारखं आठवतं. हरणाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात आणि त्याला जवळपास ३०० अंशांचा घेर मान न वळवता दिसतो. बाहुली आडवी असते. बारकावे आपल्यापेक्षा त्याला कमी दिसतात, पण क्षितिजावर कुठेही काही हललं की कळतं, आणि पहाटेच्या अंधारात तर आपल्यापेक्षा खूपच चांगलं कळतं. लाखो वर्षं लांडग्यांपासून जीव वाचवताना त्याच्या डोळ्याने पॉवर सोडून घेर धरला. कळपात चरणाऱ्या माद्या पाहिल्या तर एक ना एक मान कायम वर असते. तिला आपल्या शर्टाचं बटण दिसत नसतं. आपण हात वर केला एवढं मात्र दिसतं, आणि तेवढं तिला पुरतं. ज्याला अशा डोळ्यांसमोर जाऊन बसायचं आहे त्याने निदान आपल्या बाजूने घेर गमावू नये.

तर शेवटी काय घ्यायचं? मी त्याला २-७ बाय ३३ सुचवला. दोन पटीवर जंगल जवळजवळ उघड्या डोळ्यांसारखं मोकळं दिसतं, सातवर दीडशे यार्डांपर्यंतची मोकळी पट्टी हाताळता येते, नळी हलकी, रायफलवर खाली बसते. तो मिळाला नाही तर ३-९ बाय ४० घ्यावा आणि नऊचा आकडा नेमाच्या सरावाच्या रेंजवर कागदातली भोकं मोजायला ठेवावा. डोळा आणि काच यांच्यात तीन-साडेतीन इंच मोकळे राहतात ना, ते मात्र दुकानातच रायफलवर धरून बघावं, कारण धक्क्याने स्कोपची कड भुवईवर आपटून कपाळ फुटतं आणि मग माणूस पुढच्या प्रत्येक गोळीला डोळा मिटतो. पण स्कोपच्या आधी एक गोष्ट ठरवून कळव, असंही लिहिलं. किती अंतरापलीकडे तू गोळी झाडणार नाहीस? हा आकडा घरी, शांतपणे, स्वतःच्या रेंजवरच्या कागदांकडे बघून ठरवायचा. जंगलात मोठं शिंगाळं समोर आल्यावर तो ठरवता येत नाही. मोठ्या पॉवरचा मला वाटणारा खरा धोका हा आहे की, ती लांबचं हरीण जवळ आणून दाखवते आणि माणसाला ते जवळच आहे असं वाटायला लागतं. गोळीला मात्र तेवढंच अंतर कापायचं असतं, वाऱ्यातून आणि फांद्यांमधून.

त्याचं उत्तर चार दिवसांनी आलं. शंभर यार्ड, त्यापुढे नाही, आणि तेही रायफल झाडाला किंवा काठीला टेकवूनच. २-७ मिळाला. आता विचारतोय की आतला क्रॉस साधा घेऊ की बॅटरीवर लाल ठिपका पेटणारा. अंतरासाठी खाली बारीक रेघा असलेलाही एक आहे म्हणे. रेघांचा नको, हे लगेच कळवलं. अशा बऱ्याच स्कोपमध्ये त्या रेघा एकाच ठरावीक पॉवरवर, बहुधा सगळ्यात मोठ्या, खऱ्या असतात, आणि शंभर यार्डांच्या आत त्यांचं कामही नाही. कडांना जाड आणि मध्यावर बारीक होत जाणारा साधा क्रॉस घे. बारीक रेघ संधिप्रकाशात झाडाच्या खोडावर हरवते, पण जाड दांडे दिसत राहतात आणि मध्य कुठे आहे ते सांगतात. लाल ठिपका हवा असेल तर घे, पण अगदी मंद ठेवता येतो का ते अंधाऱ्या खोलीत तपास, नाहीतर तोच बाहुली आकसवेल. आणि सराव टेबलावर रायफल ठेवून केलास तेवढाच जमिनीवर बसून, तीन पटीवर, जाड कोट आणि हातमोजे घालून कर. रेंजवर जाऊन आलास की कागदांचे फोटो पाठव, मग पुढचं बोलू.